उजव्या हाताचा फोटो

ओमारूच्या इस्पितळात मंगळवारी फारशी हाडं मोडत नाहीत.
मेंढ्या कातरणाऱ्याचा एक खांदा, एक म्हातारा खुबा,
आणि मग ती: नोलीन रॅटरी, सत्तरला दोन कमी,
अंगात क्लबचं विटलेलं जाकीट,
खिशातून लोंबणारी शिट्टीची दोरी.

मी म्हटलं, हात इथे ठेवा. सपाट.
ती हसली. "सपाट? अठ्ठ्याहत्तर सालापासून
जमलेलं नाही गं ते."

तिनं मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं, आणि दाखवलं नाही;
यष्टीमागे जन्म काढलेल्यांना ती सवयच असते.

पडद्यावर हात उगवला
आणि मी क्षणभर फोटो उलटा तर लागला नाही ना, बघितलं.
करंगळी दोनदा मोडून दोनदा मनाला येईल तशी जुळलेली.
अनामिकेच्या पेरात आल्याची गाठ.

"ही?"
"टिमारूची एक पोरगी. बाहेर जातो म्हणाली, आत आला."
"आणि हा अंगठा?"
"तो लोकरगिरणीत, यंत्रात. क्रिकेटचा नाही."
मग थोडं थांबून,
"शनिवारी सामना होता पण. खेळले मी.
तेव्हा तोही क्रिकेटचाच धर."

मधल्या बोटाची गोष्ट तिनं विचारल्याशिवाय सांगितली.
दौऱ्याचं विमानभाडं तेव्हा ज्याचं त्यानं भरायचं.
आईनं आणि तिनं वर्षभर हमरस्त्याच्या कडेला
मेंढीच्या खताची पोती विकली,
केसांना वास, रविवारच्या चर्चमध्येसुद्धा शेजारचं बाक रिकामं.
आणि दुसऱ्याच सामन्यात हे बोट.
कुणाला सांगितलं नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली,
वर मोजा, वर ग्लोव्ह.
"भाडं माझं होतं," ती म्हणाली, "बोटही माझंच."

चार कसोट्या. बोटांवर मोजण्याइतक्या,
म्हणून बोटांवरच मोजल्या गेल्या.
वर्तमानपत्रात दोन ओळी, मेंढीबाजाराच्या भावाखाली,
आडनाव चुकवून.

दाराशी एक मुलगी उभी होती,
गुडघ्यांवर गवताचा हिरवा डाग,
पोटाशी धरलेले तिच्याहून मोठे ग्लोव्ह्ज.
"लुसियाने, आत ये. हे बघ."
नियमात बसत नव्हतं. मी बसवलं.

"हे बोट पुढे होतं. म्हणून गेलं.
चेंडूकडे बोट दाखवायचं नाही. बोटं जमिनीकडे,
चेंडू आपणहून येतो, यायचाच असतो त्याला.
हे दुसरं, उठायची घाई. हे तिसरंसुद्धा घाईच.
इथे जे जे पांढरं वाकडं दिसतंय
ती सगळी माझी चूक आहे, नीट पाठ कर."

मुलगी पडद्याजवळ गेली.
"दुखलं होतं?"
नोलीननं बराच वेळ विचार केला.
"तो सामना अनिर्णित राहिला," ती म्हणाली.

मला आठवला शाळेमागचा काँक्रीटचा पट्टा,
धान्याच्या कोठाराची सावली, मी बारा वर्षांची.
"तू चेंडू बघत नाहीस, पोरी. तू आपले हात बघतेस,"
असं म्हणून हिनंच मला यष्टीमागून हलवलं होतं.
रडत घरी गेले होते.
आता दिवसभर हातच बघते. त्याचा पगार मिळतो.

डॉक्टर लिहितील: जुने अस्थिभंग, अनेक. संधिवात.
बॅट धरू नये.
ते वाक्य तिच्यापर्यंत शुक्रवारी पोचेल.

खिडकीतून गाड्यांची जागा दिसते.
आमच्याकडे गारठा दक्षिणेकडून येतो,
त्या वाऱ्यात मुलगी गाडीच्या टपामागे उकिडवी बसलेली,
आणि नोलीन पिशवीतून संत्रं काढून फेकतेय, खालून,
मग दुसरं, मग एक मुद्दाम पायाकडे.
बोटं जमिनीकडे. बोटं जमिनीकडे.

डाव्या हातानं फेकत होती.
त्याचा फोटो कुणी मागितला नव्हता.